नहपानाच्या तोंडावर शिक्का: नाशिकच्या डोंगरातली एक जुनी पीआर केस

जोगलटेंभीचं नाणं पहिल्यांदा भिंगाखाली बघितलं तेव्हा मला धड काहीच दिसलं नाही. नखाएवढी चांदीची चकती, त्यावर तीन कमानी एकावर एक रचून केलेला डोंगर, खाली नदीसारखी नागमोडी रेघ. दाखवणारा म्हणाला जरा तिरकं धरा. तिरकं धरलं आणि कमानीच्या मागून एक नाक बाहेर आलं, मग हनुवटी, मग केसांची कड. डोंगराच्या आत माणूस!

तो माणूस म्हणजे नहपान, क्षहरात घराण्यातला शक क्षत्रप, म्हणजे प्रांताचा राज्यकर्ता. आणि त्याच्या तोंडावर ज्याने डोंगराचा शिक्का हाणला तो सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी. १९०६ साली सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला, दारणा आणि गोदावरीच्या संगमाजवळ, अशा चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी, सगळी मूळची नहपानाची, आणि त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहनांचा शिक्का वरून मारलेला. एका बाजूला हा डोंगर आणि भोवती 'रञो गोतमिपुतस सिरि सातकणिस', दुसऱ्या बाजूला ते चार गोळ्यांचं उज्जैन चिन्ह.

मी कम्युनिकेशनच्या धंद्यात आहे आणि आमच्याकडे नवीन पोरं आली की त्यांना पीआरचा इतिहास म्हणून अमेरिकेतले आयव्ही ली आणि एडवर्ड बर्नेज सांगितले जातात, जणू काही त्याआधी दोन हजार वर्षं कुणाला आपल्या नावाची पडलीच नव्हती. मी मात्र नाशिकचा असल्यामुळे (आणि थोडा हट्टी असल्यामुळे) त्यांना पांडवलेण्यांची, म्हणजे नाशिकच्या डोंगरातल्या बौद्ध लेण्यांची केस सांगतो. कारण या केसमध्ये सगळं आहे: क्लायंट, स्पर्धक, चांगलं काम, फसलेली डिलिव्हरी, आईने केलेलं जबरदस्त ड्राफ्टिंग, आणि समोरच्या पार्टीची प्रेस नोटसुद्धा.

प्रॉब्लेम नक्की काय होता

लोक समजतात की गौतमीपुत्राने नहपानाला हरवलं, विषय संपला. लढाईपुरता संपला असेल. पण जरा त्या वेळचं गोवर्धन डोळ्यासमोर आणा. गोवर्धन म्हणजे तेव्हाचं या भागातलं मुख्य ठाणं, अजूनही गंगापूरकडे त्या नावाचं गाव आहे. इथून खाली कोकणात सोपाऱ्याला, वर भडोचला, आत पैठणला माल जायचा. भडोच नहपानाच्या हातात. त्या काळातला एक ग्रीक व्यापारी मार्गदर्शक आहे, पेरिप्लस म्हणून, त्यात लिहिलंय की कल्याण बंदरात चुकून ग्रीक जहाज आलंच तर ते पहाऱ्यात भडोचला नेलं जायचं. म्हणजे सातवाहनांच्या बंदराचा गळाच आवळलेला. घाटावरची ठाणी, लेणी, बाजार, सगळीकडे क्षहरातांचं नाव. हे साधारण इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातलं, नेमक्या सालांवरून तज्ज्ञ अजून भांडतात, ते भांडण आपण इथे सोडून देऊ.

खरी अडचण अशी होती की हरलेल्या माणसाचं नाव इथे वाईट नव्हतं, चांगलं होतं. आणि ते नहपानाने नाही, त्याच्या जावयाने कमावलं होतं.

जावई उषवदात. दिनिकाचा मुलगा, नहपानाची मुलगी दक्षमित्रा त्याची बायको. पांडवलेण्यातलं १० नंबरचं लेणं त्याने खोदवून दिलं, आणि तिथल्या लेखात स्वतःचा बायोडेटा असा काही टाकलाय की आजच्या कुठल्याही कंपनीचा सीएसआर रिपोर्ट लाजेल. तीन लाख गाई दिल्या (इथे थोडं मीठ टाकून घ्या), देवांना आणि ब्राह्मणांना सोळा गावं दिली, वर्षभर लाख ब्राह्मणांना जेवू घातलं, प्रभासला ब्राह्मणांची लग्नं लावून दिली. इथपर्यंत ठीक आहे, हे सगळे राजे लिहायचेच. पण पुढचं बघा. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा इथे धर्मशाळा. विहिरी, तळी, बागा. आणि इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा, डाहणुका या नद्यांवर फुकट नावा. यातल्या पार, दमणगंगा, तापी आणि डहाणू आपल्याला आजही ओळखू येतात. म्हणजे पावसाळ्यात कोकणपट्टीने वर-खाली करणाऱ्या कुठल्याही व्यापाऱ्याला दर नदीवर या माणसाचं नाव आठवणार, कारण तिथे पैसे मागत नाहीत. नदीच्या दोन्ही काठांना सावली आणि पाण्याची सोयसुद्धा केली. मी तर म्हणतो तीन लाख गाईंपेक्षा या सहा नावा भारी होत्या.

आणि त्याच्याही वर, पैसे कसे गुंतवले ते. त्याने भिक्खूंच्या संघाला ३,००० काहापण (तेव्हाची नाणी) दिले, पण हातात नाही दिले. गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींमध्ये, म्हणजे कारागिरांच्या संघटनांमध्ये, ठेवले. एकीत २,०००, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीत १,०००, दरमहा शेकडा पाऊण. आता हिशोब करा: दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला २४०. लेण्यात पावसाळ्याचे मुक्कामी भिक्खू वीस. प्रत्येकाला चीवरासाठी (भिक्खूच्या वस्त्रासाठी) वर्षाला बारा काहापण. वीस बारा २४०. एक काहापणही इकडेतिकडे नाही. लेखातला शब्दच आहे 'बारसक'. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त वाढ खायची, असंही लिहून ठेवलंय, आणि हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगरातल्या व्यापाऱ्यांच्या सभेत, वाचून दाखवलं, फलकावर नोंदवलं, मग दगडात कोरलं.

म्हणजे या एका देणगीत भिक्खू खूश, विणकर खूश (त्यांना भांडवल मिळालं), आणि निगमसभेतले शेठ लोक साक्षीदार. शिवाय दक्षमित्रेने त्याच लेण्यात आपल्या नावाने एक 'ओवरक' दिला, तीच आपली ओवरी. घरच्या बाईचं नावही भिंतीवर लागलं.

आता गौतमीपुत्राच्या जागी स्वतःला ठेवा. तुम्ही जिंकलात. पण बाजारातल्या प्रत्येक माणसाच्या कनवटीला नहपानाचं तोंड आहे, लेण्यात त्याच्या जावयाची भिंत आहे, विणकरांकडे त्याचे पैसे फिरताहेत आणि नदीवर त्याच्या नावा चालताहेत. शत्रूची माणसं मारता येतात. त्याच्या व्याजाचं काय करणार?

नाणं पुसलं, भिंत ठेवली

पहिली गोष्ट, नाणी वितळवली नाहीत. वितळवून नवीन पाडायची म्हणजे वेळ, कोळसा, कारागीर, आणि तोवर बाजारात खुळखुळाट बंद. शिवाय ती चांदी, ते वजन लोकांच्या हाताला बसलेलं, पेढीवर कुणी शंका घेत नव्हतं. म्हणून तेच नाणं घेऊन वरून ठोकलं. माल तोच, लेबल बदललं. आणि घाईत ठोकल्यामुळे खालचं तोंड पूर्ण गेलंच नाही, कुठे नाक राहिलं, कुठे ग्रीक अक्षरांची कड राहिली. हा ढिसाळपणा असेलही, पण मला कायम वाटतं की अर्धवट पुसलेलं तोंड हे पूर्ण पुसलेल्या तोंडापेक्षा जास्त बोलतं. कोरं नवीन नाणं हातात आलं तर फक्त नवीन राजा कळतो. हे नाणं हातात आलं की कोण होता, कोण आला आणि कुणी कुणाच्या वर काय ठेवलं हे न वाचता येणाऱ्या माणसालाही कळतं.

त्याच साठ्यात तीन-चार हजार नाणी शिक्का न मारलेली पण आहेत, म्हणजे दोन्ही बहुतेक सोबतच चालत होती. नहपानाच्या नाण्यावर बंदी घातल्याचं दिसत नाही.

दुसरी गोष्ट, आणि ही मला सगळ्यात हुशारीची वाटते: उषवदाताच्या लेखाला हात लावला नाही. १० नंबरच्या लेण्यातली ती अक्षरं आजही आहेत. छिन्नी घेऊन एका दुपारी उडवता आली असती. पण ती भिंत संघाच्या घराची होती, आणि त्या लेखात संघाचे हक्क लिहिलेले होते, व्याज किती, कुणाकडून, कशासाठी. तो लेख फोडला असता तर नहपानाचं नाव गेलं असतं आणि भिक्खूंची पासबुकही गेली असती. जिथे नाव हातोहात फिरतं तिथे पुसलं, आणि जिथे नाव लोकांच्या हक्काला चिकटलेलं होतं तिथे राहू दिलं.

तिसरी गोष्ट म्हणजे जमीन. गौतमीपुत्राच्या १८व्या वर्षीचा हुकूम ३ नंबरच्या लेण्यात कोरलाय. विजयी सैन्याच्या छावणीतून गोवर्धनच्या अमात्याला (राजाच्या अधिकाऱ्याला), विष्णुपालिताला, निरोप: पश्चिम कखडी गावातलं जे शेत 'अजकालकियं', आजकालपर्यंत, उसभदाताने (म्हणजे उषवदातानेच) भोगलं, ते दोनशे निवर्तनं (जमिनीचं तेव्हाचं माप) शेत आम्ही त्रिरश्मीवरच्या, म्हणजे या लेण्यांच्या डोंगरावरच्या, प्रव्रजितांना, भिक्खूंना देतो. 'अजकालकियं' वाचलं आणि मला हसूच आलं, अगदी तलाठ्याच्या तोंडचा शब्द वाटतो. सोबत सवलतींची यादी: या शेतात सरकारी माणसाने शिरायचं नाही, त्याला हात लावायचा नाही, मिठासाठी खणायचं नाही ('अलोणखादक' असा शब्द आहे), जिल्ह्याच्या कारभाऱ्याने लुडबुड करायची नाही. मीठ हा तेव्हा राजाचा माल, आणि मिठासाठी म्हणून शेत उकरणारे कारकून ही भिक्खूंची खरी डोकेदुखी असणार, नाहीतर एवढं स्पष्ट कोण लिहितं.

कार्ल्यालाही असंच झालं. करजिक गाव तिथल्या भिक्खूंना उषवदाताने दिलं होतं, तेच गाव त्याच भिक्खूंना सातवाहनांनी परत एकदा दिलं, हुकूम मावळच्या अमात्याला. घेणाऱ्याच्या हातात आधीच असलेली वस्तू त्याला नव्याने 'देऊन' मोकळं व्हायचं. हा प्रकार आजही प्रत्येक निवडणुकीनंतर बघायला मिळतो, जुन्याच योजनेचं नवीन नाव आणि नवीन फोटो. फक्त एक फरक, इथे मधे लढाई झाली होती आणि भिक्खूंना खरंच धाकधूक असणार की आता आपलं काय. त्यांना 'तुमचं चालू राहील' हे लेखी हवं होतं आणि ते मिळालं.

आणि मग डिलिव्हरी फसली

सहा वर्षं गेली. २४व्या वर्षी दुसरा हुकूम, पहिल्याच्या खालीच कोरलेला. आता अमात्य बदललाय, सामक नावाचा आहे. हुकूम काय म्हणतो, तर आम्ही पूर्वी कखडी गावात जे शेत दिलं होतं, 'खेत न कसते', ते कसलं जात नाही, आणि 'गामो न वसति', गाव वसत नाही. तेव्हा आता नगराच्या शिवेवरचं आमचं राजाचं शेत, त्यातली शंभर निवर्तनं या भिक्खूंना देतो.

कसणे आणि वसणे. दोन हजार वर्षांपूर्वीचं वाक्य आणि सिन्नरच्या शेतकऱ्याला भाषांतर करून सांगावं लागणार नाही!

पण त्याच्या मागचं प्रकरण बघा. छावणीतून मोठ्या दिमाखात जमीन जाहीर झाली, दगडात कोरली, सवलती लावल्या. आणि जमीन पडीक. का पडीक, ते लेखात नाही. लढाईत गाव उठलं असेल, उषवदाताची माणसं पळाली असतील, हा माझा अंदाज. काही असो, उषवदाताचं व्याज वर्षाच्या वर्षाला बारा-बारा काहापण देत होतं आणि नवीन राजाच्या शेतात गवत. वीस भिक्खूंचा संघ रोज संध्याकाळी बसून काय बोलत असेल? 'आधीचे बरे होते' हे वाक्य काही नवीन नाही.

इथे सातवाहन कचेरीचं मला कौतुक वाटतं. चूक लपवली नाही. नवीन शेत देताना जुनं का देतो आहोत बदलून, ते त्याच भिंतीवर लिहिलं. आता बारीक बघितलं तर दोनशेची शंभर निवर्तनं झाली, म्हणजे निम्मी. पण कसती, शहराला लागून, आणि खास राजाच्या खात्यातली. पडीक दोनशेपेक्षा शिवेवरची शंभर कधीही बरी, हे कुठल्याही गावच्या माणसाला विचारा.

या दुसऱ्या हुकुमात राजासोबत आणखी एक नाव येतं, म्हणजे नाव नाही, ओळख येते: 'महादेवी जीवसुता राजमाता'. जीवसुता म्हणजे जिचा मुलगा जिवंत आहे ती. असं का लिहिलं यावर बरीच चर्चा आहे. राजा आजारी होता का, दूर होता का, आई कारभार बघत होती का. मला तो शब्द वाचून थोडं गलबलतं, खरं सांगतो, कारण पुढचा लेख माहीत आहे.

आईची प्रेस नोट

पुढचा लेख त्याच ३ नंबरच्या लेण्याच्या व्हरांड्यात. राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावी, म्हणजे गौतमीपुत्राचा मुलगा, वर्ष १९, उन्हाळ्याचा दुसरा पक्ष, दिवस तेरावा. गौतमीपुत्र आता नाही. लेणं देणारी आहे गौतमी बलश्री, आता ती महाराजाची आई आणि महाराजाची आजी. लेणं कैलासाच्या शिखरासारखं आहे म्हणते. आणि लेणं राहिलं बाजूला, अकरा ओळींचा मोठा भाग गेलेल्या मुलाच्या वर्णनात गेला.

लेणं स्वतःच एक उत्तर आहे. १० नंबर बघून मग ३ नंबर बघा, आराखडा जवळजवळ तोच, समोर तसेच खांब, खांबांवर तशाच घंटेसारख्या घडणी आणि वर प्राणी. जुन्या अभ्यासकांनी तर सरळ म्हटलंय की १० वरून ३ घेतलं आणि घंटांची घडण तितकी डौलदार साधली नाही. पण ३ नंबरला खालून सहा धिप्पाड यक्ष अख्खा व्हरांडा खांद्यावर उचलून धरताना दाखवलेत. शेजारच्याने बंगला बांधला, आम्ही तसाच बांधला आणि वर पोर्च टाकला.

आता लेखातले शब्द. 'सकयवनपल्हवनिसूदन', शक, यवन (ग्रीक), पल्हवांना (पार्थियनांना) संपवणारा. 'खखरातवसनिरवसेसकर', क्षहरात वंश निःशेष करणारा. 'सातवाहनकुलयसपतिथापनकर', सातवाहन कुळाचं यश परत उभं करणारा. 'तिसमुदतोयपीतवाहन', ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं. हे शेवटचं तर शाळेपासून पाठ असतं, आणि समुद्राचं खारं पाणी कुठला घोडा पितो हा प्रश्न वर्गात एक तरी पोरगं विचारतंच.

लोक या गर्जनांवर थांबतात. मी पोरांना मधले शब्द वाचायला लावतो. 'पोरजननिविसेससमसुखदुख', नगरातल्या लोकांच्या सुखदुःखात सारखाच सहभागी. धर्माने मिळालेलेच कर घेणारा. अपराध केलेल्या शत्रूचीही प्राणहिंसा न आवडणारा. द्विजांची आणि इतरांचीही कुटुंबं वाढवणारा. आणि हे माझं आवडतं, 'अविपनमातुसुसूसाक', आईची सेवा करताना कधी न थकलेला. वीसेक वर्षांपूर्वी गेलेल्या मुलाबद्दल आई हे सरकारी लेखात घालते. ड्राफ्ट कुणी कवीने, कुणी कारकुनाने केला असेल, पण हा शब्द क्लायंटने हट्टाने ठेवायला लावलाय असं मला वाटतं, आणि माझा अनुभव सांगतो की क्लायंटने हट्टाने ठेवलेला शब्दच बऱ्याचदा खरा असतो.

आता एक गंमत. एकाच वाक्यात क्षहरात वंश निःशेष केला आणि शत्रूचीही हिंसा आवडत नव्हती, दोन्ही. हा विरोध लिहिणाऱ्याला दिसला नसेल असं नाही. ऐकणारे दोन प्रकारचे होते. सरदार, सैनिक, सामंत यांना पहिलं ऐकायचं होतं. ज्या भद्रयानीय पंथाच्या बौद्ध भिक्खूंना लेणं द्यायचं होतं त्यांच्या घरात वंशच्छेदाचं कौतुक कोरायचं तर शेजारी अहिंसा ठेवणं भाग होतं. आणि त्याच लेखात तो 'एकबम्हण', एकमेव ब्राह्मण आहे, चातुर्वर्ण्याचा संकर थांबवणारा आहे. बौद्ध विहारात! एकाच निवेदनात सगळ्यांना थोडं थोडं द्यायची ही सवय आमच्या धंद्यात फार जुनी दिसते.

नातवाने काय केलं, तर आजीची सेवा व्हावी, तिला आवडावं आणि वडिलांना पुण्य लागावं म्हणून लेण्याच्या खर्चासाठी पिसाजिपदक गाव दिलं. लेखात आजीला 'अयका' म्हटलंय. आणि तीन वर्षांनी, २२व्या वर्षी, पुन्हा गावांची अदलाबदल, सुदसणाच्या बदली सामलिपद. गाव देणं आणि गाव नीट देणं यातला घोळ बापापासून मुलापर्यंत सुटला नाही.

एक बाजूला सांगतो. सातवाहनांचा दुसरा मोठा लेख नाणेघाटात आहे, तोही नागनिका राणीचा म्हणून ओळखला जातो, जुन्नर-कल्याण वाटेवर जिथून प्रत्येक बैलाला जावंच लागतं तिथे, घराण्यातल्या माणसांचे पुतळे उभे करून (आता फक्त पाय राहिलेत) आणि यज्ञांच्या दक्षिणांचा अख्खा ताळेबंद मांडून. या घरात नाव सांभाळायचं खातं बायकांकडे होतं की काय, असं वाटावं इतपत पुरावा आहे.

समोरच्या पार्टीची बाजू

बलश्रीच्या लेखात मुलाच्या ताब्यातल्या प्रदेशांची यादी आहे: असिक, असक, मुळक, सुरठ, कुकुर, अपरांत, अनूप, विदभ, आकरावंती. म्हणजे सौराष्ट्रापासून विदर्भापर्यंत, कोकण आणि माळव्यासकट.

आता गिरनारला जा. जुनागढचा तो खडक, ज्यावर आधीच अशोकाचे लेख होते, त्यावर शक वर्ष ७२ नंतर, म्हणजे इसवी सन १५० च्या सुमारास, महाक्षत्रप रुद्रदामनने सुदर्शन तलाव दुरुस्त केल्याचा लेख कोरला. त्याच्याही प्रदेशांची यादी आहे, आणि त्यात आकरावंती, अनूप, सुराष्ट्र, कुकुर, अपरांत. पाच नावं तीच! टॉलेमी नावाचा अलेक्झांड्रियाचा भूगोलकार त्याच शतकात उज्जैनला चष्टनाची गादी सांगतो आणि पैठणला पुळुमावीची. चष्टन म्हणजे रुद्रदामनचा आजोबा. क्षहरात निःशेष झाले असतील, पण दुसरं शक घराणं लगेच उभं राहिलं होतं, आणि बलश्रीचा लेख कोरला जात होता तेव्हा यादीतला बराचसा उत्तरेकडचा भाग हातातून गेलेला किंवा जात असणार. आजीबाईंनी मुलाच्या भरभराटीच्या दिवसांचा नकाशा दिला, चालू नकाशा नाही. खोटं एकही अक्षर नाही, फक्त तारीख जुनी.

रुद्रदामन तर आणखी पुढे जातो. दक्षिणापथपती सातकर्णीला सरळ लढाईत दोनदा हरवलं, पण नातं जवळचं म्हणून उखडून टाकलं नाही आणि त्यामुळे यश मिळवलं, असं म्हणतो. हा सातकर्णी नेमका कोणता, यावर वाद आहेत. नातं मात्र खरं दिसतं, कारण कान्हेरीच्या एका लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक, म्हणजे रुद्रदामनच्याच घराण्यातली, महाक्षत्रपाची मुलगी असल्याचं आहे. म्हणजे ज्या घराण्याने भिंतीवर 'संकर थांबवला' असं कोरलं त्यांच्याच घरात पुढे शकांची सून आली. आणि व्याह्याने दोनदा हरवून वर उपकाराचीही नोंद दगडात करून ठेवली. या जखमेवर सातवाहनांच्या बाजूने कुठेही एक शब्द नाही. उत्तर द्यायचं नाही, हाही निर्णयच असतो, आणि मला विचाराल तर बरोबर होता.

उलट त्यांनी एक वेगळीच गोष्ट उचलली. पुढच्या सातवाहनांनी चांदीच्या नाण्यावर राजाचं तोंड छापलं, थेट क्षत्रपांच्या धाटणीत. पुरातत्त्व अभ्यासक भगवानलाल इंद्रजींनी १८८२ ला सोपाऱ्याचा स्तूप उघडला त्यात यज्ञ सातकर्णीचं तसलं नाणं मिळालं. ज्या नाकावर शिक्का मारला होता, त्याच जागी आता स्वतःचं नाक.

पुढे ब्राह्मी, या लेखांची लिपी, वाचणारंच कुणी उरलं नाही. सतराशे वर्षं त्या अकरा ओळी व्हरांड्यात होत्या आणि खाली बसून गुरं राखणाऱ्यांना त्या भिंतीवरच्या रेघा होत्या. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकाने ब्राह्मी सोडवली तेव्हा मग हळूहळू उषवदात, बलश्री, विष्णुपालित, सामक सगळे परत बोलायला लागले. पण तोवर लोकांनी डोंगराचा निकाल लावून टाकला होता. एवढ्या मोठ्या खोल्या, एवढे धिप्पाड दगडी माणूस, हे काम कुणाचं असणार? बलश्रीने लेखात मुलाचा पराक्रम मोजताना राम आणि केशवासोबत अर्जुन आणि भीमसेन घेतले होते. आजही मुंबई नाक्यावरून रिक्षात बसून गौतमीपुत्राच्या लेण्यात सोडा म्हणालात तर रिक्षावाला तुमच्याकडे बघत राहील. पांडवलेणी म्हणालात की निघतो.